मनोरंजन क्षेत्रातील सांकेतिक भाषेचे दुभाषी : एका वेगळ्या व्यवसायाची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाने इंजिनिअर व्हावे की डॉक्टर? मुलीने शिक्षिका व्हावे की बँकेच्या परीक्षेला बसावे? या चार-पाच वाटांपलीकडेही सन्मानाने पोट भरता येईल असे व्यवसाय आहेत, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही. अशाच एका व्यवसायाची माहिती आम्ही या लेखात देणार आहोत. तो व्यवसाय म्हणजे नाटक, चित्रपट, संगीताचे कार्यक्रम आणि टेलिव्हिजन या क्षेत्रांत सांकेतिक भाषेचा दुभाषी म्हणून काम करणे.

परदेशातील एखाद्या गायकाच्या कार्यक्रमात बाजूला उभी राहून हातांनी, चेहऱ्याने आणि साऱ्या अंगाने गाणे 'सांगणारी' व्यक्ती अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. "किती छान नाचते!" असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु ती व्यक्ती नाचत नसते. ती गाण्याचे भाषांतर करीत असते आणि ते भाषांतर आपल्यासाठी नसते. समोरच्या गर्दीत बसलेल्या कर्णबधिर श्रोत्यांसाठी ते असते. एवढा एक भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला या व्यवसायाचे अर्धे मर्म समजले असे आम्ही म्हणू. उरलेले अर्धे समजण्यासाठी आधी भाषा, मग काम आणि शेवटी आपल्याकडील परिस्थिती, या क्रमाने पाहू.

सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे

सर्वसामान्य माणसाची समजूत अशी असते की, सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे. तहान लागली की अंगठा तोंडाशी नेला, झाले काम! दुसरी समजूत अशी की, ही भाषा जगभर एकच असावी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जाते. परंतु अमेरिकेतील कर्णबधिरांची सांकेतिक भाषा आणि इंग्लंडमधील कर्णबधिरांची सांकेतिक भाषा एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकन भाषेत बोटांनी मुळाक्षरे एका हाताने दाखवितात, ब्रिटिश भाषेत दोन्ही हातांनी. याचे कारण इतिहासात आहे. लॉरेंट क्लर्क हे कर्णबधिर शिक्षक १८१६ साली फ्रान्समधून अमेरिकेत गेले आणि १८१७ साली हार्टफर्ड येथे सुरू झालेल्या शाळेत त्यांनी शिकविले. त्यामुळे अमेरिकन सांकेतिक भाषेचे नाते इंग्रजांपेक्षा फ्रेंचांशी अधिक जवळचे आहे. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेचीही स्वतःची शब्दसंपत्ती आणि स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठी किंवा हिंदी हातांनी बोलण्याची युक्ती नव्हे.

या भाषांना फार मोठा अन्याय सोसावा लागला. १८८० साली इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. कर्णबधिर मुलांना ओठांच्या हालचाली वाचून तोंडानेच बोलायला शिकवावे, असा ठराव तेथे झाला. पुढे अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांच्या हातांनाच बंदी झाली म्हणा ना! वर्गात बंदी असलेली ही भाषा मुलांनी वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर आणि आपसांत जिवंत ठेवली.

वॉशिंग्टन येथे कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी १८६४ सालापासून चालत आलेली गॅलोडेट ही संस्था आहे. तेथे इंग्रजी शिकविणारे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा आकार, हाताची जागा आणि हाताची हालचाल या घटकांतून प्रत्येक खूण कशी घडते, हे त्यांनी दाखवून दिले. जसे शब्दांत वर्ण, तसे खुणेत हे घटक. पुढील संशोधनाने चेहऱ्याचेही महत्त्व सिद्ध केले. उंचावलेल्या भुवया, किंचित पुढे झुकलेली मान, गालांचा आकार हे सारे व्याकरणाचे भाग आहेत. म्हणूनच चांगल्या दुभाष्याचा चेहरा इतका बोलका दिसतो. त्यात नाटकीपणा नसतो, ते त्या भाषेचे व्याकरण असते.

व्यवसाय कसा उभा राहिला?

हे काम व्यवसाय म्हणून प्रथम ज्या देशांत नीट उभे राहिले त्यांत अमेरिका अग्रभागी आहे, म्हणून तेथील इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी कर्णबधिर माणसाला दवाखान्यात, कोर्टात किंवा कचेरीत जायचे असेल तर घरातील ऐकू येणारे मूल, एखादा शिक्षक किंवा धर्मगुरू सोबत जाई. हे काम उपकार म्हणून चाले. १९६४ साली इंडियाना राज्यातील बॉल स्टेट येथे भरलेल्या कार्यशाळेत दुभाष्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. परीक्षा, नोंदणी आणि आचारसंहिता आली. १९९० साली अपंग नागरिकांच्या हक्कांचा व्यापक कायदा मंजूर झाला. नाट्यगृह, स्टेडियम, चित्रपटगृह अशा सार्वजनिक जागा चालविणाऱ्यांवर कर्णबधिर ग्राहकाशी परिणामकारक संवादाची व्यवस्था करण्याची जबाबदारी आली. उपकाराचा हक्क झाला आणि हक्कातून रोजगार निर्माण झाला. हा धडा आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा.

रंगभूमी मात्र कायद्याच्या आधीच जागी झाली होती. १९६७ साली अमेरिकेत कर्णबधिरांचे राष्ट्रीय नाट्यमंडळ स्थापन झाले. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' हे मार्क मेडॉफ यांचे नाटक आले. त्यातील कर्णबधिर नायिकेची भूमिका कर्णबधिर अभिनेत्री फिलिस फ्रेलिक यांनी केली आणि त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ब्रॉडवेवर 'द एलिफंट मॅन' या नाटकाच्या प्रयोगाचे सांकेतिक भाषेत भाषांतर करण्यात आले आणि अशा प्रयोगांची परंपरा सुरू झाली. लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली स्थापन झालेल्या डेफ वेस्ट थिएटरने कर्णबधिर आणि ऐकू येणारे नट एकत्र आणून संगीत नाटके केली. त्यांची 'बिग रिव्हर' २००३ साली आणि 'स्प्रिंग अवेकनिंग' २०१५ साली ब्रॉडवेवर आली.

नाटकातील काम

नाटकाचा दुभाषी प्रयोगाच्या दिवशी येऊन उभा राहिला, असे होत नाही. त्याला संहिता आधी मिळते. तो ती वाचतो, प्रयोग पुन्हा पुन्हा पाहतो, कोणते पात्र कोणत्या बाजूने येते, कोणत्या वाक्याला हशा पडतो, कोठे शांतता असते, याच्या नोंदी करतो. मोठ्या नाटकाला सहसा दोन किंवा तीन दुभाषी असतात आणि ते पात्रे आपसांत वाटून घेतात. प्रेक्षकाला कोण बोलत आहे हे कळावे म्हणून प्रत्येक पात्रासाठी अंगाचा कल, नजर आणि लकब बदलावी लागते.

उभे राहण्याच्याही पद्धती आहेत. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे रंगमंचाच्या एका कडेला, स्वतंत्र प्रकाशात उभे राहणे. यात प्रेक्षकाची मान टेनिसच्या सामन्यासारखी इकडून तिकडे फिरते. दुसऱ्या पद्धतीत दुभाषी प्रसंगानुसार रंगमंचावर जागा बदलतात. तिसऱ्या पद्धतीत दुभाषी नटाची सावली होऊन त्याच्या मागे-पुढे वावरतात. त्यासाठी दिग्दर्शकाची संमती आणि पुरेशा तालमी लागतात. कर्णबधिर प्रेक्षकांना दुभाषी आणि रंगमंच एका नजरेत दिसतील अशा खुर्च्या राखून ठेवाव्या लागतात. कपडे एकरंगी आणि कातडीच्या रंगाहून वेगळे दिसतील असे हवेत. चकाकणारे दागिने चालत नाहीत. या गोष्टी किरकोळ वाटतील. पण दुभाष्याच्या हातावरचा प्रकाश गेला की कर्णबधिर प्रेक्षकाचे नाटक तेथेच थांबते.

खरी कसोटी असते भाषेची. आपल्या मराठीचेच उदाहरण घेऊ. नाटकात एखादा पात्र म्हणतो, "पोटात कावळे ओरडताहेत." दुभाष्याने कावळा दाखविला तर घोटाळा होईल. भूक दाखविली तर अर्थ पोहोचेल, पण गंमत जाईल. "त्याने ऐन वेळी हात वर केले" या वाक्यावर पुढे कोटी असेल तर आणखी पंचाईत, कारण हात वर करणे ही तर डोळ्यांना दिसणारी क्रिया! अशा जागी त्या भाषेतच तसा दुसरा विनोद शोधावा लागतो. हे एकट्याला साधत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगांत सांकेतिक भाषा ही ज्याची मातृभाषा आहे असा कर्णबधिर मार्गदर्शक असतो. तो दुभाष्यांचे भाषांतर तपासतो आणि सुधारतो. दुभाषी कितीही अनुभवी असला तरी या मार्गदर्शकापुढे तो विद्यार्थीच असतो.

गाण्याचे कार्यक्रम

"ज्याला ऐकू येत नाही तो गाण्याला कशाला जाईल?" असा प्रश्न सहज विचारला जातो. याचे उत्तर सोपे आहे. कर्णबधिर म्हणविणाऱ्यांत अनेकांना थोडेफार ऐकू येते. काहींना मोठेपणी बहिरेपण आलेले असते आणि जुनी गाणी त्यांच्या मनात असतात. ढोलाचा आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांचा दणका छातीत आणि पायांखालच्या जमिनीत जाणवतो. शिवाय माणूस कार्यक्रमाला मित्रांसोबत, मुलांसोबत जातो. सर्वांबरोबर असण्याचा आनंद कानांवर अवलंबून नसतो.

या कामासाठी दुभाषी गाण्यांची यादी आणि शब्द आधी मागवून घेतो. गीतातील उपमा, त्यामागचा संदर्भ, गायकाच्या गावची बोली यांचा अभ्यास करतो. रॅप प्रकारात शब्द इतके भराभर येतात की, शब्दामागे शब्द ठेवणे अशक्य असते. आशय, ताल आणि यमकाचा भास हे तिन्ही एकत्र साधावे लागतात. हॉली मॅनिअटी यांनी २०१३ साली बोनारू महोत्सवात वू-टँग क्लॅन या रॅप गटाच्या गाण्यांचे केलेले भाषांतर जगभर पाहिले गेले. अंबर गॅलोवे यांचेही नाव या क्षेत्रात मोठे आहे. मात्र अशी प्रसिद्धी दुधारी असते. दुभाष्याची चित्रफीत लाखो ऐकू येणारे लोक पाहतात आणि टाळ्या देतात. त्या भाषांतरातून कर्णबधिर श्रोत्याला काय कळले, हे कोणी विचारत नाही. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांची दाद हीच खरी दाद.

कार्यक्रम लांबला की हात आणि मेंदू दोन्ही थकतात. म्हणून दोन दुभाषी साधारणपणे वीस-तीस मिनिटांनी जागा बदलतात. बसलेला दुभाषीही विश्रांती घेत नसतो. सुटलेला शब्द तो उभ्या असलेल्याला पुरवतो.

चित्रपट आणि टेलिव्हिजन

चित्रपटाच्या सेटवरचे काम प्रेक्षकाला दिसत नाही, पण रोजगाराच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. कर्णबधिर नट किंवा तंत्रज्ञ असेल तर दिग्दर्शकाच्या सूचना, सहकलाकारांशी चर्चा, सुरक्षिततेच्या सूचना, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा हे सर्व दुभाष्यामार्फत होते. "ॲक्शन" आणि "कट" हे शब्द नटाला कसे कळवायचे, दुभाष्याने कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पण नटाच्या नजरेत कोठे उभे राहायचे, हे आधी ठरवावे लागते.

याच्याशी मिळतेजुळते, पण वेगळे काम आहे सांकेतिक भाषेच्या कलामार्गदर्शकाचे. पटकथेतील संवादाची खूण कोणती असावी, पात्राच्या वयाला आणि गावाला ती शोभते का, चौकटीत हात कापले तर जात नाहीत ना, संकलनात खूण अर्धवट तुटली नाही ना, हे तो पाहतो. २०२१ सालचा 'कोडा' हा चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. शियान हेडर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलगी घरादाराची दुभाषी होऊन बसलेली आहे. घरातील कर्णबधिर पात्रांच्या भूमिका कर्णबधिर नटांनीच कराव्यात, असा आग्रह अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांनी धरला. सांकेतिक भाषेची जबाबदारी अलेक्झांड्रिया वेल्स आणि ॲन टोमासेटी या कर्णबधिर कलामार्गदर्शकांकडे होती. २०२२ साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर मिळाले. ट्रॉय कॉटसर यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार देताना कोरियन अभिनेत्री यून यो-जंग यांनी ती बाहुली स्वतःच्या हातात धरून ठेवली. कॉटसर यांना भाषण करायचे होते आणि त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवे होते! सभागृहाने हात उंचावून, ते हलवून, कर्णबधिरांच्या पद्धतीने टाळ्या दिल्या.

त्या वेळी कॉटसर यांच्या हातांतील भाषण जगाने इंग्रजीत ऐकले ते दुभाष्याच्या आवाजातून. खुणांचे बोलीत भाषांतर करणे ही या व्यवसायाची दुसरी बाजू आहे आणि पुष्कळांच्या मते ती अधिक कठीण आहे. दुभाषी तेथे "ते म्हणतात की" असे म्हणत नाही, "मी" असेच म्हणतो. समोरचा हळवा झाला तर आवाज हळवा झाला पाहिजे, तो थट्टा करीत असेल तर आवाजात थट्टा आली पाहिजे. मार्ली मॅटलिन यांना १९८७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. त्यांच्या मुलाखतींतून वर्षानुवर्षे जो आवाज लोकांनी ऐकला तो जॅक जेसन या दुभाष्याचा. हे जेसन स्वतः कर्णबधिर आईवडिलांचे पुत्र. एका कलाकाराचा आवाज होऊन राहणे, आणि तरीही तो आवाज आपला नाही याचे भान ठेवणे, ही मोठी साधना आहे.

विश्वास हेच भांडवल

या व्यवसायाची आचारसंहिता थोडक्यात सांगायची तर अशी : जे सांगितले ते सगळे सांगावे, आपल्या पदरचे घालू नये, आपले मत मध्ये आणू नये, कानावर आलेली गोष्ट बाहेर नेऊ नये आणि जे काम झेपत नाही ते घेऊ नये. मनोरंजन क्षेत्रात न प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची कथा, कलाकारांचे करार, खासगी बोलणी दुभाष्यासमोर उघड होतात. एकदा विश्वास गेला की पुन्हा बोलावणे येत नाही.

अडाणी दुभाषी किती नुकसान करतो, हे १० डिसेंबर २०१३ रोजी जगाने पाहिले. जोहान्सबर्ग येथे नेल्सन मंडेला यांच्या श्रद्धांजली सभेत राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी उभ्या असलेल्या दुभाष्याचे हातवारे निरर्थक होते. कर्णबधिर प्रेक्षकांनी ते लगेच ओळखले. ऐकू येणाऱ्यांना मात्र तो दुभाषीच वाटत होता. आयोजकाला भाषा येत नाही आणि ज्यांना भाषा येते त्यांना कोणी विचारत नाही, अशी स्थिती असली की ढोंग्याचे फावते.

अर्धवट व्यवस्थाही अन्यायच असते. इंग्लंडमध्ये २०१७ साली लिटल मिक्स या गायिकांच्या गटाचा कार्यक्रम होता. एक कर्णबधिर माता आपल्या लहान मुलीला घेऊन गेली होती. दुभाषी दिला गेला तो केवळ मुख्य गायिकांसाठी. आधी गाणाऱ्या कलाकारांसाठी दिला नाही. तिकीट पूर्ण आणि कार्यक्रम अर्धा! ती न्यायालयात गेली आणि २०२१ साली निकाल तिच्या बाजूने लागला. अमेरिकेत २०२० साली सुपर बोल या फुटबॉल सामन्यात कर्णबधिर चित्रकर्ती क्रिस्टीन सन किम यांनी राष्ट्रगीत सांकेतिक भाषेत सादर केले; परंतु कॅमेरा त्यांच्यावर काही क्षणच थांबला. घरी बसलेल्या कर्णबधिर प्रेक्षकांच्या वाट्याला पूर्ण गीत आले नाही. त्यांनी याबद्दल वृत्तपत्रात लेख लिहून जाहीर नाराजी व्यक्त केली. दुभाषी नेमला म्हणजे काम झाले असे नाही. तो दिसला पाहिजे.

आणखी एक बदल विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा. आता कर्णबधिर व्यक्ती स्वतः या कामात पुढे येत आहेत. २०२३ च्या सुपर बोलमध्ये रिहाना हिची गाणी सांकेतिक भाषेत सादर करणाऱ्या जस्टिना माइल्स या स्वतः कर्णबधिर आहेत. ऐकू येणारा सहकारी समोरून शब्द आणि ताल पुरवितो आणि कर्णबधिर कलाकार तो आशय आपल्या मातृभाषेत फुलवितो, अशी जोडी पुष्कळ ठिकाणी वापरतात. ऐकू येणाऱ्या दुभाष्याने याला स्पर्धा समजू नये. ज्यांची भाषा, त्यांचाच तिच्यावर पहिला अधिकार.

आपल्याकडील परिस्थिती

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. इतक्या लोकांच्या मानाने प्रशिक्षित दुभाषी फारच थोडे आहेत. दूरदर्शनवर १९८७ सालापासून सांकेतिक भाषेतील बातम्या सुरू झाल्या, त्या अनेकांना आठवत असतील. चित्रपटांत गुलजार यांचा 'कोशिश' १९७२ साली आला आणि संजीवकुमार यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९६ साली 'खामोशी' आला. दोन्ही चित्रपटांनी कर्णबधिरांचे जीवन लोकांपुढे आणले. परंतु प्रमुख कर्णबधिर भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनीच केल्या.

आता कायद्याचे बळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात इलेक्ट्रॉनिक माध्यमे सांकेतिक भाषा आणि मथळे यांच्या साहाय्याने सुगम करण्याची तरतूद आहे. २०१९ साली टेलिव्हिजन कार्यक्रमांसाठी आणि मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी केंद्र सरकारने सुगमतेची मानके जाहीर केली. २०२४ च्या आय.पी.एल. स्पर्धेत स्टार स्पोर्ट्सने 'इंडिया साइनिंग हँड्स' या संस्थेच्या साहाय्याने भारतीय सांकेतिक भाषेत समालोचन दिले. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी पी.एम. ई-विद्या योजनेखाली ३१ क्रमांकाची स्वतंत्र शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. अमेरिकेत जसा कायद्यामागून रोजगार आला, तसा तो येथेही येऊ लागला आहे. वेग मात्र कमी आहे.

प्रशिक्षणासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राच्या शब्दकोशाची २०२१ सालची आवृत्ती दहा हजार शब्दांची आहे. बारावीनंतर भारतीय सांकेतिक भाषा दुभाषी पदविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे आणि पदविकेनंतर परिषदेकडे नोंदणी होते. राष्ट्रीय मुक्त शाळेने २०२१ पासून माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषयही उपलब्ध केला आहे.

विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

१. प्रथम भाषा शिका आणि ती कर्णबधिर व्यक्तींकडूनच शिका. केवळ चित्रफिती पाहून भाषा येत नाही. कर्णबधिरांच्या संस्था, क्रीडा स्पर्धा, मेळावे येथे जा, त्यांच्यात मिसळा. भाषा मुरायला काही वर्षे लागतात, हे मनाशी धरून चाला.

२. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पक्क्या करा. ज्याला मूळ वाक्याचा अर्थ कळला नाही तो भाषांतर काय करणार? वाचन वाढवा. नाटके पाहा. गाण्यातील शब्दांचा अर्थ खोलात जाऊन लावा.

३. मान्यताप्राप्त पदविका घ्या आणि नोंदणी करा. आठ-पंधरा दिवसांच्या वर्गाने दुभाषी होता येत नाही.

४. सुरुवात शाळा, महाविद्यालय, सभा, कचेऱ्या येथून करा. केवळ मनोरंजन क्षेत्रावर पोट भरणारे दुभाषी परदेशातही थोडेच आहेत. बहुतेक जण आठवडाभर शिक्षण व आरोग्याच्या क्षेत्रात काम करतात आणि अधूनमधून नाटक किंवा मैफल घेतात. कामाचा मोबदला बहुधा तासावर किंवा दिवसावर ठरतो, कायम पगार क्वचित असतो. तयारीचे दिवस मोबदल्यात धरले आहेत का, हे काम घेण्यापूर्वी विचारा आणि करार लेखी करा.

५. शरीर सांभाळा. मनगट, कोपर आणि खांदे यांवर सतत ताण येतो. जोडीदाराशिवाय लांबलचक काम घेऊ नका.

६. ज्यांच्या घरी आई, वडील किंवा भावंडे कर्णबधिर आहेत, त्या मुलामुलींना ही भाषा घरातच मिळालेली असते. त्यांनी ती लपवू नये. रीतसर शिक्षणाची जोड दिली तर तेच उत्तम दुभाषी होऊ शकतात. आणि जे विद्यार्थी स्वतः कर्णबधिर आहेत, त्यांच्यासाठी भाषेचे शिक्षक, कलामार्गदर्शक, सादरकर्ते आणि समालोचक या वाटा खुल्या होत आहेत.

पालकांनाही आमचे एक सांगणे आहे. मुलगी हातवारे शिकायला जाते म्हणून हसू नका. दोन भाषा, त्यांतील साहित्य, माणसांची पारख आणि जबाबदारीची जाणीव इतके सगळे ज्या शिक्षणाला लागते ते हलके शिक्षण नव्हे.

आपल्या संस्थांनीही थोडा विचार करावा. आपण व्याख्यानमाला घेतो, नाटके बसवितो, गाण्यांचे कार्यक्रम करतो. त्या गर्दीत ज्यांना ऐकू येत नाही असे समाजबांधव असतात. ते कोपऱ्यात बसून टाळ्या पडल्या की टाळ्या देतात आणि घरी जातात. पुढील कार्यक्रमाला एक प्रशिक्षित दुभाषी बोलवावा, त्याला योग्य मानधन द्यावे, व्यासपीठावर उजेडाची जागा द्यावी आणि पुढच्या रांगेतील खुर्च्या कर्णबधिर श्रोत्यांसाठी राखाव्यात. कार्यक्रम संपल्यावर त्या श्रोत्यांनाच विचारावे की, भाषांतर समजले का? एवढे केले तरी एका दुभाष्याला काम मिळेल आणि जो माणूस आजवर केवळ हजर राहत होता, तो त्या कार्यक्रमात खऱ्या अर्थाने सहभागी होईल.